एस्तेरबाईने कापलेला दोरा

सोलापुरातल्या मिशनच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात नवीन पेशंट आली की तिची पहिली गाठ डॉक्टरांशी पडत नसे, एस्तेरबाईशी पडत असे. आणि पहिल्या गाठीतच बोलणी बसत. "केसांत फणी कवा घातली हुती? आन् ही नखं! दवाखान्यात आलाय का भुईमूग उपटाया?" असं म्हणत म्हणत ती पदर खोचायची, बादली ओढायची, आणि बोलणी संपेपर्यंत पेशंट न्हाऊनमाखून, केस विंचरून धुतल्या चादरीवर पडलेली असायची. नातेवाईक आधी फणफणायचे आणि घरी जाताना "मावशी, जरा लक्ष ठेवा हं" असं तिलाच सांगून जायचे. वॉर्डात आया आणखीही होत्या, पण नुसतं मावशी म्हटलं की ती एस्तेरबाईच.

ती मूळची करकंबची. घराणं आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. बाप गावोगाव पायी फिरून प्रभूची सुवार्ता सांगायचा आणि घरी आला की बायकोवर खेकसायचा. त्यामुळे उपदेशाची एस्तेरबाईची हौस लहानपणीच फिटली होती. लग्न होऊन सोलापूरला आली. नवरा शांतवन गिरणीत होता, तो छातीच्या दुखण्याने गेला. मूलबाळ नव्हतं, मग ती दवाखान्यात लागली. रविवारी चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसायची आणि प्रवचन सुरू झालं की डुलक्या घ्यायची. एकदा पाळकसाहेबांनी मुद्दाम तिला उभं केलं. प्रभूने तुमच्या आयुष्यात काय केलं त्याची साक्ष द्या, म्हणाले. एस्तेरबाईने इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, "सायेब, मला फरशी पुसाया सांगा. बोलाया नका सांगू." सगळं चर्च हसलं. तीही हसली आणि खाली बसली.

बायबलातली एक गोष्ट मात्र तिला पुरती पटली होती. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, ती. "पाय धुवाया शाळा लागत न्हाय," असं ती म्हणायची. कुणाचं अंग घामाने चिकटलेलं, कुणाची जखम वाहती, हे तिला बघवतच नसे. ते आपल्या हाताने स्वच्छ करावं एवढाच तिचा धर्म, आणि तो ती भलत्या जोरात पाळायची. जात बघायची नाही, वास बघायची नाही, आणि खरं सांगायचं तर विचारायचीही नाही. माणूस मळलंय, पाणी आहे, हात आहेत, मग त्यात विचारायचं काय, असा तिचा हिशेब. पुढे जे झालं ते ह्या न विचारण्यातून झालं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. दुष्काळाने जिल्हा पोळून निघाला होता. शहरात नळाला पाणी कधी येईल ते त्या नळालाच ठाऊक. दवाखान्यात प्यायला पुरेल इतकंच पाणी, पेशंटला अंघोळी घालणं बंद करा असा मोठ्या सिस्टरचा हुकूम. अशात गुरुसिद्धप्पा आपल्या आईला घेऊन आला. हा नवी पेठेत एका कापडदुकानात चादरी दाखवायच्या कामाला होता, चाळिशीचा, सरळ, कमी बोलणारा. आई नागव्वा गावाकडची, अक्कलकोटच्या पलीकडे, कानडी मुलखाला चिकटलेल्या एका खेड्यातली. तिला विषमज्वर झाला होता आणि गावच्या वैद्याने तो अंगावर काढायला लावला होता. बैलगाडी, मग एसटी, असं करत म्हातारी आली तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. अंगाचा नुसता तवा झाला होता.

"तुमी दुकानात जावा, अप्पा," एस्तेरबाई त्याला म्हणाली. "हितं बसून ताप उतरत नसतोय. मी हाय की."

गुरुसिद्धप्पा गेला. विश्वासाने गेला.

दुसऱ्या दिवशी एस्तेरबाई कामावर येताना कमरेवर कळशी घेऊन आली. तिच्या स्वतःच्या वाटणीचं पाणी, गल्लीतल्या हापशावर रांगेत उभं राहून भरलेलं. घरी तिने त्या दिवशी भांडीसुद्धा राखेने नुसती पुसली होती. मोठी सिस्टर म्हणाली, "मावशी, वेड लागलंय का तुम्हाला?" एस्तेरबाईने ऐकलं न ऐकलं केलं आणि नागव्वाचं अंग पुसायला घेतलं. तापात कोमट पाण्याने पुसलेलं बरं असतं हे तिला डॉक्टरांनीच शिकवलं होतं. पाय झाले, पाठ झाली, आणि मानेशी येऊन तिचा हात थांबला.

म्हातारीच्या गळ्यात कापडात गुंडाळलेलं इष्टलिंग होतं. त्याचा दोरा घामाने आणि धुळीने कडक होऊन मानेत रुतला होता, खाली कातडी सोलली होती आणि तिथे पू धरला होता. सोलापुरात जन्म काढून गळ्यातलं लिंग न ओळखायला एस्तेरबाई काही परदेशातून आली नव्हती. हा ह्या लोकांचा देव, हे तिला चांगलं माहीत होतं. पण वॉर्डाची एक रीत होती. ऑपरेशनला, नाहीतर जखमेला आड येत असेल तर बायकांचं मंगळसूत्र असो, ताईत असो, गळ्यातून काढायचं, स्वच्छ रुमालात बांधून उशाशी ठेवायचं आणि बरं वाटलं की परत घालायचं. शेकडो बायकांचं तिने असं काढलं होतं आणि परत घातलं होतं. देव काढला म्हणून कुठल्या बाईचा देव गेला नव्हता. लिंगही तसंच, असं तिने धरलं. लिंगायत माणूस त्याच्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नाही, ते अंगावेगळं होणं म्हणजे जुन्या माणसांना मेल्याहून मेल्यासारखं, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि तिने कुणाला विचारलं नाही.

कात्रीने तिने दोरा कापला. जखम पुसून जांभळं औषध लावलं. मग कापड साबणाने धुतलं, आणि लिंगही धुतलं. हलक्या हाताने धुतलं, पदराला पुसलं, धुतल्या बँडेजच्या पट्टीत गुंडाळून उशाशी स्टुलावर ठेवलं. स्टुलावरची औषधाची बाटली खाली उतरवून ठेवली, देवाशेजारी बाटली बरी दिसत नाही म्हणून. इतकं सगळं तिने केलं. त्या दिवशी घरी जाताना तिला फार बरं वाटत होतं.

ताप उतरला तो दुसऱ्या सकाळी. नागव्वाने डोळे उघडले, छताकडे बघितलं, मग तिचा हात आपोआप छातीवर गेला. तिथे काही नव्हतं. हात गळ्यावर गेला, पाठीमागे गेला, पुन्हा छातीवर आला. एस्तेरबाई हसत हसत पुढे झाली. "हे बघा की अव्वा, कसं झ्याक ठेवलंय!" म्हणत तिने स्टुलावरची ती पांढरी पुरचुंडी उचलून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

नागव्वाच्या तोंडून जो आवाज निघाला तो वॉर्डातल्या कुठल्याच बाईने कधी ऐकला नव्हता. रडणं नव्हतं ते. नुसता श्वास बाहेर पडला, आणि मग काहीच नाही.

"कुणी काढलं?"

"मी काढलं, अव्वा. मानंला जखम झाली हुती. दोरा रुतला हुता. कापावा लागला."

"कापला," नागव्वा म्हणाली. तेवढंच म्हणाली आणि ओठ मिटले.

त्या सकाळी तिच्यापुढे पेज आली ती तशीच गेली. पाण्याचा पेला तोंडाशी नेला तर तिने मान फिरवली. "नीरु बेडा," नागव्वा पुटपुटली. शेजारच्या खाटेवरची सुंदरम्मा कानडी जाणणारी, ती म्हणाली, "पाणी नको म्हणतीया. लिंग न्हाय अंगावर, कसं पिईल?" आणि मग सुंदरम्माने एस्तेरबाईला ती रीत समजावून सांगितली. सांगताना तिचा आवाज हळू हळू बारीक होत गेला, कारण एस्तेरबाईचं तोंड तिला बघवेना.

निरोप गेला आणि गुरुसिद्धप्पा दुकानातून धावत आला. त्याने आधी आईकडे बघितलं, मग त्या पुरचुंडीकडे, मग एस्तेरबाईकडे. "तुमाला कुणी सांगितलं हुतं, मावशी?" तो म्हणाला. "मी हुतो की सोलापुरात. एक शब्द विचारायचा." तो ओरडला असता तर एस्तेरबाईला सोसलं असतं. तो ओरडला नाही.

शहरातल्या मठातून स्वामी आणतो, ते बांधतील, असं त्याने आईला परोपरीने सांगितलं. नागव्वाने मान हलवली. तिचं लिंग तिच्या गावच्या शिवयोगी स्वामींनी बांधलेलं होतं. ज्या हाताने बांधलं त्याच हाताने परत बांधायचं, तिच्या माहेरची हीच चाल होती. दोरा तुटला तेव्हा तिच्या आजीनेही असंच पाणी सोडलं होतं म्हणे. मुलाने हात जोडले, पाया पडला. म्हातारीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पण पाण्याला ओठ लावले नाहीत. शेवटी तो तसाच एसटी स्टँडकडे पळाला, स्वामींना आणायला. जाताना एस्तेरबाईकडे बघून म्हणाला, "मी येईस्तोवर बघा तिला." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, मान खाली घालून निघून गेला.

बघा म्हणजे काय बघा? एस्तेरबाईने आयुष्यभर माणसं बघितली ती हातांनी. आता तिने हात पुढे केला की नागव्वा अंग चोरायची. चादर नीट करायला गेली तरी चोरायची. मग एस्तेरबाई खाटेपासून दोन हात लांब जमिनीवर बसून राहिली, हात मांडीवर ठेवून. हातांचं काय करायचं ते तिला समजेना. भलं करायला गेलेल्या माणसाची अशी गत व्हावी ह्याचा मला अजून राग येतो, पण राग धरावा तरी कुणावर? म्हातारीवर धरवत नाही, एस्तेरबाईवर तर नाहीच.

डॉक्टर आले. बघितलं आणि त्यांचा पारा चढला. "ताप उतरलेली पेशंट तहानेने मारायची का आपण? ग्लुकोज लावा." बाटली टांगली, सुई टोचली. नागव्वाने दुसऱ्या हाताने सुई उपटून टाकली. चादरीवर रक्ताचा डाग पडला. पुन्हा टोचली, पुन्हा उपटली.

"मावशी, हात बांधा तिचे खाटेला," डॉक्टर म्हणाले. "हे जिवाचं काम आहे. उद्या ती शिव्या देईल, देऊ दे."

एस्तेरबाईने बँडेजची गुंडाळी हातात घेतली. तिला डॉक्टरांचं पटत होतं. हात बांधले तर म्हातारी जगेल, हे तिला स्पष्ट दिसत होतं. ती खाटेशी गेली. नागव्वाने तिच्याकडे बघितलं, तिच्या हातातल्या पांढऱ्या पट्टीकडे बघितलं आणि अगदी हळू, जवळजवळ विनवणी केल्यासारखं म्हणाली, "परत?"

एस्तेरबाईच्या हातून गुंडाळी सुटली आणि उलगडत खाटेखाली गेली. "मला न्हाय जमत, सायेब," ती म्हणाली. डॉक्टर तिच्यावर खूप ओरडले. दुसऱ्या आयांना बोलावलं, पण तोपर्यंत म्हातारीच्या शिरा इतक्या बसल्या होत्या की सुई कुठेच लागेना. डॉक्टरांना पुढच्या वॉर्डात जावं लागलं, तिथे अंगावर उकळतं पाणी सांडलेलं एक मूल आलं होतं. त्यांचाही इलाज नव्हता.

पाळकसाहेब त्या संध्याकाळी दवाखान्यात नेहमीप्रमाणे प्रार्थनेला आले. एस्तेरबाईला तशी जमिनीवर बसलेली बघून जवळ आले. सगळं ऐकून म्हणाले, "बाई, तिला प्रेमाने समजावून सांगा. खरा देव असा दोऱ्याने जात नाही. कदाचित ह्यातूनच प्रभूची..."

"सायेब," एस्तेरबाई मध्येच म्हणाली, आणि पाळकसाहेबांना मध्येच तोडायची तिची ती पहिलीच वेळ. "मी तिचा देव तिच्या अंगावरनं काढला. आता तिच्या तोंडातनं बी काढू व्हय? तिला तिचा सामी पायजे. तेवढा लवकर येऊ दे म्हणून मागा प्रभूजवळ. दुसरं काय मागू नका."

पाळकसाहेब माणूस वाईट नव्हते. ते तिथेच गुडघ्यावर बसले आणि त्यांनी तेवढंच मागितलं.

स्वामी लवकर आले नाहीत. ते गावात नव्हते, हद्दीपलीकडे कुठल्या जत्रेला गेले होते. गुरुसिद्धप्पा त्यांच्या मागे गावोगाव फिरत होता हे नंतर कळलं. इकडे दुसऱ्या दिवशी नागव्वाची जीभ सुकून चामड्यासारखी झाली. वॉर्डातल्या बायकांनी तिच्यासमोर पाणी पिणं सोडलं, तोंड भिंतीकडे करून पिऊ लागल्या. एस्तेरबाईने तिच्या प्रभूला परोपरीने विचारलं, मी काय करू, सांग. उत्तर आलं नाही. तिला वाटलं, ह्याहून रागावला असता तर बरं झालं असतं.

दुपारी नागव्वाने डोळे उघडले तेव्हा एस्तेरबाई समोरच होती. न राहवून ती म्हणाली, "अव्वा, मला माफ करू नका. पन पानी तेवढं घ्या की. सुंदरम्माच्या हातनं घ्या. मी बाहीर जाते."

नागव्वाने तिच्याकडे मान वळवली. मग फाटलेल्या ओठांतून म्हणाली, "तू जिवापाड केलंस, बाई. ते कळतंय मला. पन माझं मला बी पाळू दे की."

नागव्वाच्या जागी एस्तेरबाई असती तर तीही असंच म्हणाली असती.

गुरुसिद्धप्पा स्वामींना घेऊन पोचला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. शिवयोगी स्वामी फार म्हातारे होते, एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याने अंधूक दिसायचं. सुंदरम्माने त्यांना हात धरून खाटेशी आणलं. गुरुसिद्धप्पा आईजवळ आला, तिचं तोंड बघितलं आणि दाराच्या चौकटीशी जाऊन भिंतीला कपाळ लावून उभा राहिला. त्याला तिथे थांबवेना आणि जाववेनाही.

स्वामींनी लिंग हातात घेतलं, भस्म लावलं, नव्या दोऱ्यात बांधलं, म्हातारीच्या कानात मंत्र सांगितला. नागव्वाचा चेहरा सैल झाला. मग तिच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवून त्यावर पाणी घालायचं आणि तेच पाणी तिने घ्यायचं, म्हणजे उपास सुटला. पण तिचा तळहात उचललाच जाईना. स्वामींनी उचलला की पडायचा. त्यांचे स्वतःचे हात कापत होते. "कुणीतरी खालून आधार द्या," स्वामी म्हणाले.

एस्तेरबाई मागे सरकली. आपण हात लावायचा नाही हे तिला आता पक्कं कळलं होतं. नागव्वाने डोळे फिरवले, तिला शोधलं आणि ओठ हलवले. आवाज आला नाही, पण वॉर्डातल्या सगळ्यांना कळलं. धर की.

एस्तेरबाईने आपली ओंजळ नागव्वाच्या तळहाताखाली धरली. स्वामींनी लिंगावर पाणी सोडलं. तिने तो हात अलगद म्हातारीच्या ओठांशी नेला. नागव्वाने तोंड उघडलं, अगदी मनापासून उघडलं. पाणी आत गेलं आणि ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. घशाने घेतलं नाही. स्वामींनी पुन्हा सोडलं. पुन्हा तसंच. पाणी हनुवटीवरून एस्तेरबाईच्या मनगटावर ओघळत राहिलं आणि त्यातच कधीतरी म्हातारीचा श्वास थांबला.

स्वामींना ते दिसलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून मंत्र म्हटला आणि सावकाश बाहेर गेले. मोठी सिस्टर चादर ओढायला आली. गुरुसिद्धप्पा दारातून परत आला आणि एस्तेरबाईसमोर उभा राहिला.

"मावशी, अव्वानं पानी घेतलं ना? गेलं ना पोटात?"

त्याच्या पाठीमागून सिस्टरने एस्तेरबाईला मान हलवून खूण केली, हो म्हण. सुंदरम्मानेही केली. हो म्हणणं किती सोपं होतं. एस्तेरबाईच्या ओठांवर आलंही होतं. पण ह्या घरातल्या माणसाचं भलं कशात आहे ते तिने एकदा परस्पर ठरवलं होतं. पुन्हा ठरवायची तिची छाती झाली नाही.

"न्हाय, अप्पा," ती म्हणाली. "तिनं तोंड उघडलं. घ्यायचं हुतं तिला. पन गिळता आलं न्हाय. समदं माझ्या हातावर आलं."

"म्हंजी तहानलेलीच गेली."

"व्हय."

गुरुसिद्धप्पाने तिच्या हाताकडे बघितलं. मनगट अजून ओलं होतं. त्याने बोटाने तिथलं पाणी टिपलं आणि वाकून आईच्या ओठांना लावलं. परत आला, परत टिपलं, परत लावलं. मग मनगट कोरडं झालं, तरी एस्तेरबाईने हात मागे घेतला नाही.